गव्हाशी काडीमोड घेतलेल्या गिरणीवाल्या काकू

इरा, परवा तुझी आई फोनवर बराच वेळ रडली. तुझ्या तपासणीत जे निघालं ते तिने मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आता ही जन्मभर खाणार काय?" मी तिला धीराच्या दोन-चार गोष्टी सांगितल्या, फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. तुझ्यावर नाही, बाळा, तुझ्या आजारावरही नाही. मला सुभद्राकाकू आठवल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य तू पाळशीलच, त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. पण असं पथ्य एखादी बाई केवढ्या थाटात पाळू शकते, हे तुला माहीत असावं म्हणून हे लिहिते आहे. नील, तूही वाच. बहिणीच्या ताटात बोट घालण्याआधी तुला याचा उपयोग होईल.

सेलूत आमच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. सुभद्राकाकू तिच्या मालकीणबाई. उंच, काटकुळ्या, आणि आवाज असा, की गिरणीचा पट्टा चालू असताना त्या रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलत, आणि पट्टा बंद झाला तरी तेवढ्याच आवाजात पुढचं वाक्य टाकत. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कायम पीठ. मी शेजारी राहायला गेले तेव्हा त्यांना माझ्याहून बऱ्याच मोठ्या समजले आणि 'काकू' म्हणू लागले. एका रविवारी त्या न्हाऊन अंगणात आल्या, आणि मला कळलं की या बाई माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेत. तोवर 'काकू' पक्कं होऊन गेलं होतं. त्या मला 'बाई' म्हणत, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. दोघींनी एकमेकींना मोठेपण दिलं ते कायमचंच.

आमच्या परभणी भागात घरचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि पाहुण्याचं जेवण म्हणजे गव्हाची पोळी. पाहुण्याच्या ताटात भाकरी वाढली तर तो बोलून दाखवत नाही, पण पुढच्या वेळी येत नाही. त्यामुळे गावात कोणाकडे काय चाललंय, हे काकूंना दळणाच्या डब्यावरून कळे.

"देशमुखीणबाई, एकदम दहा किलो गहू? पोरीला बघायला येयलेत वाटतं."

"न्हाई हो काकू, सहज."

"सहज गहू कोण दळतंय? मुलगा काय करतो ते सांगा."

अशा या बाई वर्षानुवर्षं आजारी होत्या. पोट बिघडलेलं, रक्त कमी, चालताना धाप. सेलूतले सगळे डॉक्टर झाले, जंताची औषधं झाली, दृष्ट काढून झाली. पाठमोरी पोरगी वाटावी इतक्या त्या वाळल्या. शेवटी परभणीच्या एका तरुण डॉक्टरांनी रक्त तपासलं, मोठ्या शहरात पाठवून दुर्बिणीने आतडं तपासून घेतलं आणि सांगितलं, की तुम्हाला गहू चालत नाही. गहू, मैदा, रवा, शेवया, जव, सगळं बंद. कायमचं.

"गोळी कोणती देता?" काकूंनी विचारलं.

"गोळी नाही. गहू सोडायचा, हेच औषध."

काकू तिथून उठेनात. एवढ्या लांब येऊन एक गोळीसुद्धा मिळू नये, याचा त्यांना राग आला होता. मग त्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की कणीक तिंबल्यावर तिला जो ताण येतो, तो ज्या चिकट पदार्थामुळे येतो, तो तुमच्या आतड्याला सोसत नाही. हे ऐकलं आणि काकूंना सगळं लख्ख कळलं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "बाई, पुरणपोळी लाटताना जे फाटू देत न्हाई ना, तेच मला आतून फाडायलंय. भाकरीच्या पिठाला ताण न्हाई, म्हणून ती बिचारी गरीब." मी इंग्रजीतली चार पानं वाचून त्यांना हेच सांगायला बसले होते. मी पानं मिटली.

आता प्रश्न गिरणीचा. गिरणीत दोन जाती होती, एक गव्हाचं, एक ज्वारीचं, पण हवेत पीठ सगळ्यांचं. काकूंनी आठ दिवसांत मधोमध पत्र्याची भिंत उभी केली. पलीकडे गहू आणि नामदेवराव, म्हणजे त्यांचे यजमान. अलीकडे ज्वारी, बाजरी आणि काकू, नाकाला फडकं बांधून. नामदेवराव अतिशय अबोल माणूस. बायको दिसेनाशी झाल्यावर त्यांना जरा स्वस्थता मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. पण पत्र्यावरून हाका सुरू झाल्या.

"अहो, तिकडं कोण आलंय?"

"..."

"मान हलवू नका, मला दिसत न्हाई."

गव्हाचा डबा घेऊन कोणी चुकून अलीकडे आलं, की काकू दोन्ही हात पसरून उभ्या राहत. "सरहद्द हाय ही. मागं व्हा."

तुमच्या आजीला याद्या करायची सवय आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. मी एका पुठ्ठ्यावर 'चालते' आणि 'चालत नाही' अशा दोन रांगा सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या. काकूंनी तो पुठ्ठा घरात न लावता गिरणीच्या दारावर लावला. म्हणाल्या, "मला पाठ हाय. हे गावाला पाठ व्हाया पायजे."

कारण गाव फार प्रेमळ होतं, आणि काकूंना सगळा धोका त्या प्रेमापासूनच होता. जो तो म्हणे, एवढ्याशानं काय होतंय. एक घास. अर्धा घास. देवाचा प्रसाद आहे, त्याने कसं होईल? सत्यनारायणाचा शिरा काकू दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि तसाच माझ्या हातावर ठेवत. "देव माझा, शिरा तुमचा," असं ठरलेलं होतं. त्या श्रावणात माझं वजन तीन किलोंनी वाढलं.

सहा महिन्यांत काकूंच्या गालावर मांस आलं. आणि मग अचानक एका आठवड्यात त्या पुन्हा आडव्या झाल्या. मी वही घेऊन त्यांच्या खाटेशी बसले. सोमवारपासून काय काय खाल्लं?

"भाकरी. वरण. भाकरी. वांगं. भात. वरण. बाई, माझ्या खाण्यात गहू न्हाई, माझ्या सपनात हाय."

वरण दोनदा आलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, फोडणीचा डबा उघडला आणि एकेक पुडी बाहेर काढून चष्मा लावून वाचू लागले. हिंगाची नवी डबी होती. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की यात गव्हाचं पीठ आहे. मी ते मोठ्याने वाचलं. काकू खाटेवरून उठल्या, भिंत धरत आल्या, डबी हातात घेऊन डोळ्यांपाशी नेली.

"एवढी बोटाएवढी," त्या म्हणाल्या, "अन् माझ्याच घरात लपून बसली व्हती. मी पत्र्याची भिंत कुणासाठी बांधली?"

त्या दिवसापासून वाण्याच्या दुकानात जाताना त्या मला घेऊन जायच्या. मी वाचायचं आणि त्यांनी वाण्याकडे डोळे वटारून बघायचं.

आता मुख्य गोष्ट. काकूंच्या मुलाचं, गणेशचं, लग्न ठरलं. मुलगी पेडगावची, शेतकऱ्याच्या घरची, नाव आश्विनी. ठरतानाच नामदेवरावांनी बायकोला एक गोष्ट सांगितली. ते बोलत नसत, म्हणून बोलले की काकू ऐकत.

"लग्न होईस्तोवर आजाराचं काढू नको. वरमाय दुखणेकरी हाय, पोराला पण होईल, असं म्हणतील. सोयरीक मोडंल."

काकूंना ते पटलं नव्हतं, पण भीती त्यांनाही होतीच. त्यांनी शब्द दिला. मग आम्ही दोघींनी बेत केला. लग्नात भाताची दोन शितं तोंडात टाकायची, हात तोंडाकडे नेत राहायचं आणि नंतर गाडीत बसून स्वतःची भाकरी खायची. मी शेजारी बसून लक्ष ठेवायचं. बेत मी वहीत लिहिला होता. तो मला अगदी निर्दोष वाटत होता.

आम्ही विसरलो होतो ती विहिणीची पंगत. बाळांनो, लग्नात नवऱ्या मुलाच्या आईचा मान सगळ्यात मोठा. तिला पाटावर बसवतात, पाय धुतात, पानाभोवती रांगोळी काढतात, आणि मुलीची आई पहिला घास स्वतःच्या हाताने तिला भरवते. तिने घास घेतल्याशिवाय पंगतीत कोणीही जेवायला सुरुवात करत नाही. आणि वरमाय रुसते, हीही रीतच आहे. ती तोंड फिरवते, मग मुलीकडचे साडी देतात, विनवण्या करतात, आणि ती खुलते. हा सगळ्यांना ठाऊक असलेला खेळ असतो, पण खेळता खेळता खरोखर बिनसलेली लग्नंही त्या गावाने पाहिलेली होती.

मांडवात शंभर-सव्वाशे बायका बसल्या. काकू मधोमध हिरव्या शालूत, मी त्यांच्या उजव्या हाताला. मुलीची आई रुक्मिणबाई, ठेंगणी, गोल, घामाने निथळलेली, पोळ्यांचं ताट घेऊन आली आणि काकूंच्या पानात भातावर, वरणावर, भजीवर पसरून मोठी पुरणपोळी ठेवली. वरून तुपाची धार धरली. ते तूप पोळीवरून सगळ्या पानात ओघळलं. आता त्या पानातलं मिठाचं बोटसुद्धा काकूंना चालणार नव्हतं. माझा बेत तिथेच संपला.

रुक्मिणबाईंनी पोळीचा घास मोडला आणि पुढे केला. "घ्या, विहीणबाई."

काकूंनी मान हलवली.

बायकांमध्ये खसखस पिकली. रुसल्या, रुसल्या. मागून कुणीतरी एक साडी पुढे केली.

"न्हाई हो, साडी कशाला," काकू म्हणाल्या.

दुसरी साडी आली. जास्त काठाची.

"अहो, साडीचं काई न्हाई."

चांदीची वाटी आली. रुक्मिणबाईंनी घास आणखी पुढे केला. मी मध्ये पडले. म्हटलं, "यामागे वैद्यकीय कारण आहे." हे वाक्य मांडवात कोणाला कळलं नाही. पण वरमायच्या बाजूची शिकलेली बाईसुद्धा रुसली, एवढं मात्र सगळ्यांना कळलं, आणि माझ्या मांडीवर एक खण येऊन पडला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हसू दाबताना वाकडे झाले होते, आणि डोळ्यांत पाणी होतं.

तिसरी साडी आली. मग मुलीचे वडील स्वतः आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि काकूंच्या पानापुढे ठेवली. "काई चुकलं असंल तर सांगा. लेकराकडं बगून पदरात घ्या."

कोणी हसेना. सव्वाशे बायका पानावर हात धरून बसल्या होत्या. घास घेतला, तर काकू घरी पोचेपर्यंत आजारी, आणि नव्या सुनेचं माप ओलांडणं सासूच्या खाटेसमोर. नाही घेतला, तर या माणसाची इज्जत त्याच्याच दारात गेलेली. आणि खरं सांगावं, तर नवऱ्याला दिलेला शब्द मोडलेला. पलीकडे पुरुषांच्या बाजूला नामदेवराव उभे होते. त्यांचा चेहरा पिठाहून पांढरा झाला होता.

काकू उठल्या.

वरमायने भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही. मांडवातून एकच उद्गार निघाला. काकूंनी ती टोपी उचलली, व्याह्यांच्या डोक्यावर नीट बसवली, आणि शालूचा ओचा खोचून घरामागे चालू लागल्या. त्यांच्यामागे रुक्मिणबाई, त्यांच्यामागे व्याही, त्यांच्यामागे मी, खण हातात घेऊन.

घरामागे चुलीवर दोन बायका भाकरी करत होत्या. तीन दिवस गोड खाऊन वैतागलेल्या आचाऱ्यांसाठी आणि गाडीवाल्यांसाठी. काकू त्यांच्यासमोर बसल्या.

"परात धुऊन द्या. तवा पण. हे पीठ कुणाच्या गिरणीतलं?"

"गावातल्याच."

"बोलवा त्याला."

गिरणीवाला आचाऱ्यांना पाणी देत होता. तो ओल्या हाताने धावत आला आणि समोर वरमाय बघून हात जोडून उभा राहिला.

"ज्वारीचं जातं येगळं हाय का तुमचं?"

"हाय की."

"खरं सांगा. घाई असली की गव्हावर ज्वारी टाकता का न्हाई?"

"न्हाई बाई. आमच्याकडं गहू कितीसा येतो? जातं येगळंच."

"टाकी कवा लावली जात्याला?"

"दिवाळीला."

"मंग खाचा बुजल्या, पीठ खरबरीत येत आसंल. पुन्यांदा लावा," काकू म्हणाल्या आणि पीठ मळायला घेतलं.

पुढे मांडवात बातमी गेली होती, की वरमाय रुसून स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायलीय. मागे काकूंच्या बांगड्या वाजत होत्या आणि भाकरी गोल गोल मोठी होत होती. तव्यावर टाकल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"विहीणबाई, मी रुसले न्हाई. मला गव्हाचं चालत न्हाई. एक घास खाल्ला की पंधरा दिवस उठत न्हाई. डाक्टरनं सांगितलंय, जलमभर. हे तुमाला आधी सांगायला पायजे व्हतं. आमी भ्यालो. पोरगी दिली न्हाई तर, म्हणून. आता सांगितलं. आता काय म्हणायचं ते म्हणा."

रुक्मिणबाई चुलीपाशी मटकन बसल्या. भाकरी फुगली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या पोरीत काय खोट काढली." आणि मग त्यांचा आवाज चढला. "अन् मी तीन साड्या दिल्या की हो! भाकरीनं भागत व्हतं तर बोलायला काय तोंड शिवलं व्हतं?"

आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. पण व्याही कणगीला टेकून हसले, गिरणीवाला हसला, भाकरी करणाऱ्या बायका पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि मी इतकी हसले की खण चुलीच्या राखेत पडला. रुक्मिणबाईंनी नवं पान घेतलं, काकूंनीच केलेली भाकरी त्यावर ठेवली, वर तुपाचा गोळा ठेवला, आणि ते पान डोक्याएवढ्या उंचीवर धरून मांडवात नेलं. सगळ्या बायकांदेखत त्यांनी भाकरीचा घास मोडून विहिणीला भरवला. पंगत सुरू झाली.

नामदेवराव मांडवाच्या खांबापाशी येऊन उभे राहिले होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरं झालं. मला बी लय भूक लागली व्हती." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब भाषण.

साड्या काकूंनी परत केल्या. वाटी ठेवून घेतली. म्हणाल्या, नातवाला लागेल.

वर्ष-दीड वर्षाने मी सेलू सोडलं आणि परभणीला तुमच्या मावशीकडे कायमची राहायला निघाले. माझं सामान आधीच गेलं होतं. सकाळच्या पॅसेंजरला मी आणि काकू एकत्रच बसलो, कारण त्या दिवशी वाटेतच, पेडगावला, आश्विनीच्या मुलीचं बारसं होतं आणि काकू तिथे उतरणार होत्या. नामदेवराव आणि गणेश आदल्या दिवशीच गेले होते. काकू सगळी वाट मला समजावत होत्या, की तिथे त्या कोपऱ्यात कशा बसणार, कोणाला त्रास न देता काय काय टाळणार. बारशाला आमच्याकडे उकडलेल्या गव्हाच्या घुगऱ्या वाटतात. "माझ्या नातीच्या घुगऱ्या," त्या म्हणाल्या, "अन् मला हात लावता यायचा न्हाई. असू द्या. मी पाळणा हलवीन."

पेडगावच्या फलाटावर रुक्मिणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. काकू उतरायच्या आतच त्यांनी सुरुवात केली.

"लवकर उतरा. सगळं गाव तोंड वाकडं करून बसलंय."

"कशानं हो?"

"बारशाला पोळी न्हाई म्हणून. घुगऱ्या हरभऱ्याच्या, खीर तांदळाची, ताटात भाकरी. गव्हाचा दाणा घरात येऊ दिला न्हाई चार दिवसांपासून. माझा दीर तर म्हणाला, वैनी, गावाला काय तोंड दाखवावं? म्हणलं, तेच दाखव, जे हाय ते. चला, पंगतीत मधी बसायचंय तुमाला."

मी खिडकीत होते. काकू फलाटावर उतरल्या. त्यांनी पदराने नाक पुसलं.

गाडी हलली. मग त्यांचा तो आवाज आला, इंजिनाच्या वरचा.

"अहो, मग मी रुसू कशावरून? काईच ठिवलं न्हाई तुमी!"

"बघू," रुक्मिणबाई म्हणाल्या, "काढू काईतरी," आणि त्यांनी काकूंच्या हातातली पिशवी ओढली. काकू सोडेनात. मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की एक उंच आणि एक ठेंगणी अशा दोन विहिणी एकाच पिशवीचा एकेक बंद धरून, एकमेकींना ओढत, फलाटाचा उतार उतरत होत्या.